भेटीनंतरचे बारा तास

माझ्या मुलीनं मला आजवर एकच पत्र लिहिलं, आणि त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. लिहायला बसलो नाही असं नाही. रोज बसायचो. 'चि. शाल्मली हिस' असं लिहायचो आणि खोडायचो, कारण अकरा वर्षांच्या मुलीला असं कोण लिहितं? मग 'प्रिय शालू' लिहायचो, आणि तिथून पुढे पेन हलायचं नाही.

वहीच्या फाडलेल्या पानावर तिनं लिहिलं होतं :

'बाबा, भेटीत आहेर मॅडम बसलेल्या असतात म्हणून सांगता येत नाही. म्हणून पत्र. पाकीट आजीने आणून दिलं. आईला माहीत नाही. मी आता रडत नाही. दोनदा मोजणी झाली, दोन्ही वेळा माझे आकडे चांगले आले. तू आता कोर्टात अर्ज कर. आधी रविवार माग. मग मे महिना. एकदम सगळं मागू नको. तुझी शाल्मली. ता. क. तू पण रडू नको. तुझं मोजत नाहीत, तरी.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या हातात लाल पेन होतं. दोन ठिकाणी मी खूण केली. तिसऱ्या ठिकाणी हात थबकला आणि आपण काय करतोय ते लक्षात आलं. मी मुद्रितशोधक आहे. मजकूर आता यंत्रं लिहितात आणि यंत्रंच तपासतात. पण सरकारी पुस्तिका छापायला जाण्यापूर्वी शेवटची नजर माणसाची असावी, असा एक जुना नियम रद्द करायला कुणीतरी विसरलं आहे. त्या विसरण्यावर नाशिकमधला एक छापखाना मला अजून ठेवून आहे. 

शाल्मलीच्या जन्माच्या वेळी मी पन्नाशी ओलांडली होती. हर्षदा माझ्यापेक्षा बरीच लहान. आमचं का पटलं नाही, याचं एक वाक्य मला अजून जुळवता आलेलं नाही. भांडणं झाली नाहीत. ती बोलायची, मी ऐकायचो, आणि एके दिवशी ती बोलायची थांबली. शाल्मली चार वर्षांची असताना कोर्टाचा आदेश झाला : ताबा आईकडे, शनिवार-रविवार वडिलांकडे. त्याखाली एक ओळ होती, 'सदर आदेश बालहित मापन कायद्यानुसार चल राहील.' चल म्हणजे बदलता. मापानुसार आपोआप कमीजास्त होणारा.

हा कायदा वाईट हेतूनं आला नव्हता, हे सांगितलं पाहिजे. पूर्वी अशा खटल्यांत लहान मुलांना न्यायाधीशांच्या खोलीत नेऊन विचारायचे, 'बाळ, तुला कुणाकडे राहायचंय?' आणि बाळ रात्रभर पढवलेलं वाक्य म्हणायचं. आई पढवायची, बाप पढवायचा, आज्या पढवायच्या. मग संशोधकांनी म्हटलं, मुलाच्या तोंडाला कशाला विचारता, शरीराला विचारा. दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची एक पट्टी निघाली. कातडीच्या रंगाची, बोटभर रुंद. घामात उतरणारं ताणाचं रसायन ती मोजते. त्वचेतून वीज किती सहज वाहते ते पाहते, कारण मन अस्वस्थ झालं की न दिसणारा घाम सुटतो आणि वीज जास्त सहज वाहते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतरही टिपते. निवांत माणसाचे ठोके थोडे मागेपुढे पडतात. ताणात असलेल्याचे घड्याळासारखे एकसारखे पडू लागतात. या सगळ्याचा मिळून एक आकडा. त्याला स्वास्थ्यांक म्हणतात.

प्रत्यक्ष भेट चालू असताना मूल खेळण्यात रमतं, खाऊनं खूश होतं, म्हणून ते आकडे फसवे असतात, असं संशोधकांना दिसलं. खरा हिशेब नंतर लागतो. म्हणून, पट्टी दंडावर कायम असली आणि रोजचा आकडा घरी कळवत असली, तरी हिशेबात कायद्यानं धरले ते भेटीनंतरचे बारा तास. त्या बारा तासांत स्वास्थ्यांक घसरला, तर भेट मुलाला बाधते. दर तीन महिन्यांनी मोजणी, आणि तिच्या प्रमाणात भेटीचे तास.

दारू पिऊन मारणारे बाप, धाक घालणाऱ्या आया या पट्टीनं पकडल्या. कितीतरी मुलं वाचली. त्या कायद्याची मराठी पुस्तिका तपासायला माझ्याकडेच आली होती, शाल्मलीच्या जन्माआधी. मी ती नेहमीच्या पद्धतीनं तपासली. आमच्यात शेवटचं वाचन उलटं करतात : शेवटच्या शब्दापासून मागे, एकेक शब्द सुटा. सरळ वाचलं तर अर्थ ओढून नेतो आणि डोळा चुकीवरून घसरतो. उलटं वाचलं की अर्थ लागत नाही, नुसते शब्द राहतात. त्यामुळे तो अख्खा कायदा मी वाचला होता आणि मला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. पुस्तिकेत एकही चूक सापडली नाही म्हणून छापखान्यात माझं कौतुक झालं होतं.

पहिल्या वर्षी रविवारची रात्र गेली. पुढे रविवार गेला. मग शनिवारचा अर्धा दिवस उरला, मग दुपार. शाल्मली माझ्याकडून घरी गेली की आकडे कोसळायचे. शेवटी राहिला तो एका शनिवाराआड एक तास, कोर्टाच्या बालकक्षात, समुपदेशकांच्या नजरेखाली.

मी कधी हरकत घेतली नाही. लोकांना वाटलं हा माणूस निगरगट्ट आहे. खरं म्हणजे यंत्र जे सांगत होतं ते मला आधीपासूनच वाटत होतं. माझ्यासारख्या माणसानं मुलाला काय द्यावं? मला झाडावर चढता येत नाही, पोहता येत नाही, चारचौघांत मोठ्यानं हसता येत नाही. मी तिला पुस्तकं वाचून दाखवायचो, आणि ती माझ्या मांडीवर पाय हलवत ऐकायची. तिला ते आवडतं असा माझा समज होता. आकडे आले तेव्हा वाटलं, बिचारी सहन करत होती.

पत्र येऊन आठवडा झाल्यावर मला वकिलांनीच बोलावून घेतलं.

ॲडव्होकेट निकुंभ यांचं ऑफिस सीबीएस बसस्थानकाजवळ एका मिठाईच्या दुकानावर आहे. जिना चढताना तुपाचा वास येतो आणि पक्षकाराला उगाच आशा वाटते.

"मोघे सर, येताना खालून पेढे आणायचे सोडून तोंड पाडून काय आलात?" त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. दोन तिमाह्या सलग वर. आणि वर म्हणजे काय, भिंत चढलीय पोरगी! सात वर्षांत पहिल्यांदा."

"का चढली पण?"

"आता हे काय? पाऊस पडला तर का पडला विचारत बसता का? पेरून घ्या! आपण फेरबदलाचा अर्ज टाकू. सगळे रविवार आणि मेची निम्मी सुट्टी. समोरची बाजू फार तर कुरकुर करेल, पण आकड्यापुढे कुणाचं चालत नाही. इतकी वर्षं तुमचं चाललं नाही, आता त्यांचं चालणार नाही."

"रात्रीपण राहील ती?"

निकुंभांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "राहील हो. शनिवारी रात्री येईल. रविवारी सकाळी उठवायला लागेल तिला. फार झोपतात या वयात."

मी अर्जाचा मसुदा करायला सांगितला. परत येताना सतरंजी आणि गादी घेतली. गादीवाला म्हणाला, "काका, सिंगल हवी की डबल?" मी म्हटलं, "मुलीसाठी." ते वाक्य मला पुन्हा एकदा म्हणावंसं वाटलं, म्हणून विनाकारण विचारलं, "मुलीला चालेल ना ही?"

पुढच्या शनिवारी बालकक्षात शाल्मली आली. दर खेपेला ती मला थोडी उंच वाटते, आणि ते मी तिला दर खेपेला सांगतो. समुपदेशक आहेर मॅडम त्यांच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी होत्या. भल्या बाई आहेत. पाहत असतात, पण पाहतायत असं दाखवत नाहीत. भिंतीवर रंगवलेल्या हत्तींखाली कॅरमचा बोर्ड होता. शाल्मलीनं तोच काढला. सोंगट्यांच्या आवाजात हळू बोलता येतं, हे तिनं आधीच ठरवून ठेवलं असावं.

"पत्र मिळालं?" ती नेम धरत म्हणाली.

"मिळालं."

"मग उत्तर?"

"लिहितोय."

"लिहू नको, अर्ज कर! बाबा, तू ना, नुसता लिहीत बसतोस."

"निकुंभ करतायत अर्ज. सगळे रविवार मागितलेत."

"आणि मे?"

"निम्मा."

तिनं स्ट्रायकर मारला, सोंगटी गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मला ते चमत्कारिक वाटलं. हीच मुलगी पूर्वी सोंगटी गेली तर खुर्चीवर उभी राहायची.

"शालू, तू लिहिलंस, रडत नाहीस. म्हणजे करतेस काय?"

"सांगू?" पहिल्यांदाच ती थोडी हसली. "तुझंच आहे ते. उलटं."

"उलटं काय?"

"तू नाही का मांडीवर घेऊन दाखवायचास, ते लांबलचक कागद? शेवटून वाचायचं म्हणजे गोष्टीत अडकत नाही. तसं. निघताना तू जे बोलतोस ना, ते मी रिक्षात बसल्यावर उलटं वाचते. मनातल्या मनात. मागच्या वेळी तू म्हणालास, नीट जा, पोचलीस की आजीला सांग, मी खिडकीतून बघतोय. मग मी म्हटलं, बघतोय. खिडकीतून. मी. सांग. आजीला. की. पोचलीस. जा. नीट. दोन-तीनदा केलं की नुसते शब्द राहतात. मग इथे काही होत नाही." तिनं गळ्याशी हात नेला.

कोर्टाच्या मुलांना घरी सोडणाऱ्या त्या विनाचालक रिक्षा मी खिडकीतून कितीदा पाहिल्या होत्या. आत एकट्या बसलेल्या पोराचं फक्त डोकं दिसतं.

"आधी पाढे म्हणून बघितले," ती म्हणाली. "पाढ्यांनी नाही होत. पाढे म्हणतानापण रडू येतं. एकोणतीसच्यालासुद्धा."

"म्हणजे... आधी तू माझ्याकडून गेलीस की रडायचीस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला तिचं नाव विचारलं होतं. "बाबा! मग कशामुळे जात होते तास?"

कॅरम मी हरलो. खोटं कशाला सांगू, घरी जाताना पावलं जमिनीवर नव्हती. सात वर्षं मी समजत होतो की माझ्याजवळ आल्यानं तिला त्रास होतो, आणि तिला त्रास होत होता तो जाताना! यंत्रानं आकडे बरोबर घेतले होते. त्यांचा अर्थ मात्र कुणी लावलाच नव्हता. आणि माझ्या लेकीनं, एवढ्याशा पोरीनं, माझ्याच हातचं साधन वापरून त्या यंत्राला हरवलं होतं. मला अभिमान वाटला. त्या अभिमानात मी रविवारी सकाळी थालिपीठं लावून पाहिली. दोन करपली, तिसरं जमलं.

अर्जावर सही करायला बुधवारी निकुंभांकडे जायचं होतं. मी निघत असतानाच दारात हर्षदा उभी दिसली. वेगळे झाल्यापासून ती माझ्या दारात कधी आली नव्हती.

"आत येऊ?" तिनं विचारलं, आणि आलीच. नवी गादी पाहिली. मग म्हणाली, "आई गेली. परवा, सोमवारी. झोपेतच."

मी नव्या गादीच्या कडेला बसलो. सासूबाई माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. वेगळे झाल्यावरही दिवाळीला डबा पाठवायच्या. "मला कळवलं नाहीस."

"कळवणार होते. सुचलं नाही. आणि आत्ता मी ते सांगायला आले नाही." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "पराग, शालू रडली नाही."

मी हातातली किल्ली बाजूला ठेवली.

"आईनं तिला वाढवलंय. मी नोकरीवर, तू... तू शनिवारी. सगळी रडत होती, शेजारचे सबनीस काकापण रडत होते. ही कोपऱ्यात भिंतीला टेकून, आणि ओठ हलतायत. मला वाटलं रामरक्षा म्हणतेय. आईनं शिकवलीय तिला. म्हणून जवळ गेले. तर म्हणत होती, ते. निवलंय. गं. जा. पिऊन. दूध." हर्षदाचा आवाज फाटला. "आईचं तिच्याशी शेवटचं बोलणं. रात्री झोपताना. दूध पिऊन जा गं, निवलंय ते. पोरगी ते उलटं म्हणत होती, पराग! पुन्हा पुन्हा. मी हलवलं तर म्हणाली, आई, थांब ना, अजून थोडं राहिलंय."

बाहेर भाजीवाल्याची गाडी स्वतःच ओरडत गेली.

"दुसऱ्या दिवशी फोनवर निरोप आला. आपोआप येतो तो. 'अभिनंदन, आपल्या पाल्याचा स्वास्थ्यांक उत्तम आहे.' काल ती शाळेत जाऊन आली, गृहपाठ केला, जेवली. माझ्या मैत्रिणी म्हणतात, किती समजूतदार! मला भीती वाटते तिची." तिनं डोळे पुसले. "हे तुझ्याकडून शिकली ना ती?"

"हो."

"मग तूच काढ ते. तिला सांग, रड म्हणून. माझं ऐकत नाही. म्हणते, तीन महिने थांब, रविवार मिळू देत."

"मी सांगितलं तर रडेल ती," मी म्हणालो. "आजीसाठी रडेल, मग माझ्यासाठीपण. एकाला वाट दिली की दुसरं अडत नाही. मग पुढच्या मोजणीत आकडा पडेल. एकच तास उरलाय. तो जाईल. आणि तिला आयुष्यभर वाटेल, मी रडले म्हणून बाबा गेला."

माझ्याआधीच हर्षदा पुढच्या वाक्यापर्यंत पोचली असावी, नेहमीच पोचायची.

"हे बघ," ती उठत म्हणाली, "सोड असं मी म्हणत नाहीये. मला ते म्हणायला लावू नकोस. मी वाईट असेन, पण एवढी नाही."

मी निकुंभांकडे गेलो नाही. कोर्टात आहेर मॅडमकडे गेलो. त्यांची जेवणाची सुट्टी होती. डबा बाजूला सारून त्यांनी सगळं ऐकलं.

"मॅडम, मूल भीतीनं अस्वस्थ झालंय की आठवणीनं, हे पट्टीला कळत नाही का?"

"घामात दोन्ही एकच असतं, मोघे. शरीराला फक्त एवढं कळतं की काहीतरी हातातून चाललंय किंवा अंगावर येतंय. कुठलं, ते माणसानं ओळखायचं. आम्ही दोन अहवाल दिलेत वर. तुमच्यासारखी आणखी मुलं आहेत. म्हणजे तुमच्या मुलीसारखी." त्या थांबल्या. "दुरुस्ती होईल. पण कायदा आहे, चार-पाच वर्षं सहज जातील. तुम्हाला लढायचं असेल तर मी साक्ष देईन. अगदी उभी राहून देईन."

"आणि तोवर?"

"तोवर पट्टी राहणार. प्रकरण चालू असलं की हिशेबात रोजचे आकडे धरतात. बारा तासांचे नाही, चोवीस तासांचे."

"आम्ही दोघांनी मिळून लिहून दिलं, की मोजू नका?"

"संमती चालत नाही. पूर्वी धाक दाखवून सह्या घ्यायचे म्हणून ते कलमच काढलं. जिथे भेट, तिथे मापन."

"आणि भेटच नसेल तर?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "एका पालकानं भेटीचा हक्क स्वतःहून सोडला तर पट्टी त्याच दिवशी निघते. पण मोघे, मग फोन नाही, पडद्यावर बघणं नाही, शाळेच्या कार्यक्रमाला मागे उभं राहणं नाही. ती सोळाची झाली की स्वतः मागू शकते. पाच वर्षं आहेत. त्या वयात पाच वर्षांत मूल दुसरंच होतं. मागेलच असं नाही. मी बघितलंय."

"पत्र?"

"काय?"

"पत्र लिहिलेलं चालतं?"

त्यांनी टेबलाच्या खणातून कायद्याची ती पुस्तिका काढली, बारीक छपाईची, आणि पानं उलटली. "पत्राचं काहीच नाही हो यात. कुणाला सुचलंच नसेल."

निकुंभ माझ्यावर चक्क ओरडले. "हक्क सोडताय? जिंकलेली केस! सर, लोक एका तासासाठी घरं विकतात! तुम्हाला कुणी धमकावलंय का? तसं असेल तर सांगा." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग मला समजत नाही." मी म्हटलं, "मलाही पुरतं समजत नाही." हे ऐकून ते खाली बसले आणि न बोलता कागद तयार केला. फी घेतली नाही. मी आग्रह केला तर रागावले.

सही करायला हर्षदालाही यावं लागलं. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही दोन टोकांना बसलो होतो.

"पळतोयस," ती समोर बघत म्हणाली.

"असेलही."

"नाही, मला खरं सांग. तिच्यासाठी करतोयस की तुला झेपत नाही म्हणून? कारण लग्नातपण तू असाच बाजूला झालास. छान समजूतदारपणे. माझ्याशी एकदाही भांडला नाहीस रे."

आयुष्यभर मी माघार घेतली आणि तिला कधी संयम म्हटलं, कधी सभ्यता. तेव्हा या वेळीही तेच नसेल कशावरून? दुसरा एखादा बाप लढला असता. पाच वर्षं रोज कोर्टाच्या पायऱ्या चढला असता, आणि कदाचित तेच बरोबर ठरलं असतं. एवढंच कळत होतं की या वेळी माघार घेताना मला बरं वाटत नव्हतं. एरवी वाटायचं.

"मला रविवार हवे होते, हर्षदा," मी म्हणालो. "गादी आणलीय."

ती रडायला लागली. आतून शिपायानं आमची नावं पुकारली आणि आम्ही दोघं उठलो.

पट्टी त्याच संध्याकाळी निघाली. हर्षदानं एका शब्दाचा निरोप पाठवला : 'काढली.' मग काही वेळानं आणखी एक : 'विचारते आहे, का. मी म्हटलं, बाबा सांगेल.'

तेव्हा मी टेबलाशी बसलो. या खेपेला पेन अडलं नाही, याचं मलाच नवल वाटलं.

'प्रिय शालू, उत्तराला उशीर झाला. मी अर्ज केला, पण तू सांगितलास तो नाही. आपली भेट बंद करण्याचा अर्ज मी केला. तू रडलीस म्हणून नाही, आणि रडली नाहीस म्हणूनही नाही. तुझे आकडे उत्तम होते. आईनं सांगितलं म्हणूनही नाही. हे मी ठरवलं. ते चुकलं असेल तर चूक माझी, तुझी रतीभरसुद्धा नाही.

'मला तुझ्या रविवारांची किती हाव होती हे तुला कळणार नाही. पण त्या रविवारांसाठी तुला आतून दगड व्हावं लागत होतं, आणि दगड झालेली शालू माझ्याकडे येऊन तरी काय? तुला उलटं वाचायला मी शिकवलं ते कागदांसाठी. माणसांच्या बोलण्यासाठी ते नाही. आजी तुला म्हणाली, दूध पिऊन जा गं, निवलंय ते. हे वाक्य सरळच म्हण. मोठ्यानं म्हण. मग जे होईल ते होऊ दे. आता कुणी मोजत नाही.

'माझ्यावर राग येईल. येऊ दे. खूप आला तर तसं लिही, सभ्यपणानं लिहू नकोस. अजिबात लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. मी मात्र लिहीत राहीन. पत्रांना मनाई नाही, मी विचारून घेतलंय. तू घरी जाताना रडायचीस हे तू मला सांगितलंस, त्याबद्दल थँक्यू. मला ते माहीत नव्हतं. मला वाटायचं, तू मला सहन करतेस.

'मी रडलो तर चालेल ना? तुझा बाबा.'

पाकिटावर पत्ता लिहिला. कोपऱ्यावरच्या पोस्टात आता एकच खिडकी उरली आहे, आणि ती बहुतेक औषधांच्या पार्सलांसाठी. रांगेत माझ्या पुढे चार माणसं होती. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या मुलीनं पाकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"आत काय आहे काका?"

"पत्र."

"नाही, म्हणजे वस्तू काय आहे? इथे टाकावं लागतं."

"वस्तू नाही. पत्रच आहे."

तिनं मान वर करून पाहिलं, मग बराच वेळ खण शोधून एक तिकीट काढलं, चिकटवलं, शिक्का मारला. पाकीट मागच्या पोत्यात गेलं. मी तिथेच उभा होतो. पोत्याच्या तोंडाशी त्याचा एक कोपरा दिसत होता, तो दुसऱ्या पार्सलाखाली दिसेनासा होईपर्यंत.

"काका, झालं का तुमचं?" मागच्या बाईंनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं, आणि त्यांना जागा करून दिली.